जोडीतला दगड

हे लिहायचंच नाही असं ठरवलं होतं. आमच्या गावात, जामसरात, ढवळूची गोष्ट सांगतात ती हसायला सांगतात. सांगणारा सांगतो, ऐकणारे मांडीवर थापा मारतात, आणि मग सगळे धोतर झटकून उठतात. लहानपणापासून मीही हसत आलो. पण परवा कुणीतरी ती पुन्हा सांगितली आणि मधेच मला वाटलं, अरे, हा माणूस त्या दिवशी रागावलेला होता. सकाळपासून रागावलेला होता आणि चालत होता. ह्यात हसण्यासारखं काय आहे? तरीही दोन दिवस टाळलं. आता लिहून टाकतो.

तर ढवळू पोशेऱ्याहून निघाला तेव्हा नुकतं उजाडत होतं. खांद्यावर कावड. पुढच्या शिंक्यात सोड्याच्या बाटल्यांची पेटी, मागच्या शिंक्यात दगड. दगड कशाचाच नव्हता. म्हणजे त्याचं कुणाला काही काम नव्हतं. तो पेटीइतका जड होता एवढंच त्याचं काम. पेटी जायची होती खिंडीच्या वर, पठारावरच्या बंगल्यात, तिथं जव्हारच्या लाकडाच्या वखारवाल्या शेटचा मुलगा शिकारीला येऊन बसला होता. शेटची जमीन कसणाऱ्या प्रत्येक घरानं पाळी आली की एक माणूस वेठीला द्यायचा. भाकर आपल्या घरची, खांदा आपला, ओझं शेटचं. ढवळूच्या बापानं दिला, ढवळूनं दिला. त्याचा त्याला एवढा राग नव्हता. म्हणजे होता, पण तो पायाच्या भेगांसारखा होता, असतोच. आजचा राग निराळा होता. तो कालपासून घशाशी बसला होता आणि काट्यासारखा ना आत जात होता ना बाहेर येत होता.

काल वखारीत दिवाणजी ओट्यावर पान लावत बसला होता. त्यानं वर न बघताच विचारलं, "एकटाच? जोडीदार कुठं तुझा?" ढवळू म्हणाला, "नाय." दिवाणजीला ठाऊक होतं काळ्या पळाला ते. सगळ्या जव्हारला ठाऊक होतं. तरी त्यानं विचारलं. लांब बांबू, मधे ओझं, दोन टोकांना दोन माणसं, अशी जोडी जायची ढवळूची आणि काळ्याची. एकट्यानं न्यायचं तर कावड, आणि कावडीला दोन्ही बाजूंना वजन लागतं, आणि पेटी तर एकच. ढवळू तसाच उभा राहिला. दिवाणजीनं पानाला चुना लावला, घडी घातली, गालात सारलं आणि म्हणाला, "मग दगड घाल दुसरीकडं. जोडीदारच समज. हा पळून जायचा नाही." वखारीतले सगळे हसले. हमाल हसले, आरीवर बसलेले दोघं हसले. आणि ढवळूही हसला.

तेच. तो का हसला? कुणी त्याला हस म्हटलं नव्हतं. ओठ आपोआप फाकले, दात दिसले, घशातून आवाजसुद्धा निघाला. मग त्याच हसऱ्या तोंडानं तो वखारीमागं गेला, चांगलासा दगड शोधला, पेटीशी तोलून बघितला, हलका वाटला म्हणून टाकला आणि दुसरा उचलला. कुणी बघत नव्हतं तरी त्यानं दगड नीट निवडला. पोशेऱ्यापर्यंतच्या सगळ्या वाटेत त्याला आपले ते उघडे दात दिसत राहिले. रात्री पोशेऱ्यात एका ओळखीच्या पडवीत पाठ टेकली तरी दिसत होते.

मोखाड्याची वस्ती डावीकडं टाकून वाट वर वळली. दोन्ही बाजूंना वाळलेलं गवत कमरेएवढं, त्याची कुसळं पिंढऱ्यांना चिकटत होती. उतारावर नागली उभी होती, काही कापलेली, काही अजून तशीच. तो वास नाकात गेला. त्याचीही नागली उभी होती. हिरी, त्याची बायको, एकटी कापत असेल. काल निघताना ती विळा परजत होती. मान वर न करता म्हणाली, "वर जातंस ना? मग तो भेटला तर विचार त्याला, आयस मेल्यावर येणार का?" आयस म्हणजे काळ्याची म्हातारी, फागी. काळ्या गेल्यापासून त्या घराची पाळी तिच्यावर आली होती. पुरुष पळाला तरी घर सुटत नाही. वखारीच्या मागच्या अंगणात ती शेटचं भात कांडायची. मुसळ तिच्याहून उंच होतं. हिरी ते सगळं ढवळूला अशा सुरात सांगायची की जणू मुसळ त्यानंच तिच्या हातात दिलं.

"तुझ्यामुळं," ढवळू मागच्या दगडाला म्हणाला. कावड चालताना झुलते, दगड झुलला. "डोल, डोल. डोलायला काय जातं तुझ्या बापाचं." बाटल्यांतल्या गोट्या पुढं खळखळल्या. त्याला एकदम काळ्या आठवला, म्हणजे काळ्याच्या टाचा आठवल्या. जोडीत ढवळू मागं असायचा. मागच्याला पुढच्याच्या टाचा दिसतात, दुसरं काय दिसणार. काळ्याच्या डाव्या टाचेला एक भेग होती, नदीसारखी वाकडी, पावसात मिटायची आणि उन्हात उघडायची. चढ लागला की ओझं बांबूवरून घसरून मागच्याच्या अंगावर येतं. चढाला मागचा मरतो, उताराला पुढचा. काळ्या चढ लागला की मागं न बघता एक हात मागं करायचा आणि ओझ्याची दोरी स्वतःकडं ओढून धरायचा. बोलायचा नाही. तोंड चालूच असायचं त्याचं, पण ते दिवाणजीची नक्कल करण्यात. दिवाणजी चालतो कसा, धोतराचा सोगा धरतो कसा, पान थुंकताना मान कशी पुढं काढतो कोंबड्यासारखी. ढवळू हसून हसून पावलं चुकायचा. "पडशील लेका, मग शेटला तुझं मढं नेऊन देऊ का पेटीतनं?" आणि हात मागं, दोरी धरलेली. ढवळूला हे आठवायचं नव्हतं. रागाच्या मधे असलं काही आठवलं की राग पातळ होतो. त्यानं कावड ह्या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली आणि दुसरं आठवायला लागला.

काळ्या गेला त्याच्या आदल्या संध्याकाळी दोघं शेताच्या माळ्यावर बसले होते, डुकरं हाकायला. काळ्या म्हणाला होता, "सकाळी कोंबडा आरवला की ये. काटक्या आणायला जाऊ." अगदी साध्या आवाजात. ढवळू सकाळी गेला. फागी चुलीपुढं बसली होती, चूल पेटलेली नव्हती. ती म्हणाली, "गेला तो." आणि ढवळूकडं अशी बघायला लागली की जणू विचारत होती, तू मला काल का नाही सांगितलंस. तिला वाटलं ढवळूला ठाऊक होतं. सगळ्या पाड्याला वाटलं. वखारीच्या माणसांना तर खात्रीच होती. जोडीदार ना? एकाच बांबूखाली दोघांचे खांदे, मग एकाला ठाऊक आणि दुसऱ्याला नाही, असं होईल का? त्यांनी त्याला आंब्याला बांधलं आणि ओल्या निरगुडीच्या फोकांनी फोडलं. बोल, कुठं गेला? ढवळू म्हणत होता, ठाऊक नाय. ते म्हणत होते, वा रे दोस्ती. आणि मारत होते. पाड्यातली माणसं लांबून बघत होती, आणि त्यांच्या डोळ्यांत, हे ढवळूला मार खातानाही दिसलं, त्यांच्या डोळ्यांत त्याच्याबद्दल मान होता. बघा, कातडं गेलं पण तोंड उघडत नाही. नंतर म्हाताऱ्यांनी त्याच्या पाठीला पाला बांधला, कुणी तांदूळ आणून दिले. ढवळू पालथा पडून तो मान खात होता आणि आत जळत होता. कारण त्याला खरंच ठाऊक नव्हतं. ठाऊक असून गप्प राहिला असता तर तो मार त्याचा असता. हा मार कुणाचाच नव्हता. बैल चुकला की जवळच्या खुंट्यावर काठी आपटतात, तसा. त्याला खुंटा करून काळ्या निघून गेला होता. पुढं त्र्यंबकच्या बाजाराला जाऊन आलेल्या कुणीतरी सांगितलं, काळ्या वर सरकारी सडकेवर खडी फोडतो, दिसला होता, बरा आहे. बरा आहे!

ऊन चढलं तसा चढ उभा झाला. आता वाट कातळातून होती आणि पायाखाली मुरूम सरकत होता. खांद्याचं कातडं दांड्याखाली ओलं आणि गरम झालं होतं. भोपळ्यातलं पाणी संपलं. आणि पुढं बाटल्यांत पाणी खळखळतच होतं. जव्हारला पाणी आहे, पठारावर पाणी आहे, मधे सगळीकडं झरे आहेत, तरी जव्हारचं पाणी बाटलीत कोंडून डोंगरावर चढवायचं. आणि त्याच्या बरोबरीनं जव्हारचा दगड चढवायचा. डोंगरावर! जिथं दगडाशिवाय काही नाही तिथं! त्याला हे आता लख्ख दिसलं. काल दिवाणजी म्हणाला, 'हा पळून जायचा नाही,' आणि तो हसला, आणि दोन दिवस त्यानं दगडाला काळ्या म्हणून शिव्या दिल्या, पण दगड तोच होता, ढवळू. जिथं ठेवला तिथं राहणारा. ज्याचं कुणाला काम नाही, दुसऱ्याचा तोल राहावा म्हणून ज्याला बांधून घेतलंय तो.

त्यानं कावड टेकवली, मागच्या शिंक्यातला दगड दोन्ही हातांनी उचलला आणि आरोळी ठोकून खाली फेकून दिला.

दगड एका कातळावर आपटला, उडाला, गवतात शिरला, पुन्हा दिसला, आणि मग नुसता आवाज येत राहिला, खाली खाली जाणारा. कुठंतरी वानरं ओरडली. ढवळूला इतकं बरं वाटलं की तो मोठ्यानं हसला. हे हसू त्याचं स्वतःचं होतं. पण तेवढ्यात टेकवलेली कावड एका अंगाला कलली, पेटी उताराकडं घसरली, आणि त्यानं गुडघ्यावर उडी घेऊन ती धरली. गुडघा सोलला. पेटीला मिठी मारून तो तसाच बसून राहिला आणि शेटच्या पोराला, त्याच्या आईला आणि आजीला जे येईल ते बोलला. मग उठला. करणार काय? पेटी डोक्यावर, दांडा आणि शिंकी काखेत, आणि उरलेला चढ.

खिंडीत वारा होता. दोन कड्यांमधली फट, तिच्यातून पलीकडचं पठार पिवळं पसरलेलं दिसत होतं. तहानेनं जीभ टाळूला चिकटली होती. त्यानं पेटी उघडली आणि एक बाटली काढली. शेटच्या पोराला बाटली उघडताना त्यानं वखारीत बघितलं होतं, तसा अंगठा गोटीवर दाबला. काही होईना. रागानं मूठ मारली तेव्हा फस्सकन फेस त्याच्या तोंडावर आला, नाकात गेला, डोळ्यांतून पाणी आलं. घोट घेतला तर जिभेवर मुंग्या. ना गोड, ना तिखट, ना दारू. पोटातून एक भलामोठा ढेकर वर आला आणि खिंडीत घुमला. ढवळू बाटलीकडं बघत राहिला. ह्याच्यासाठी? ह्या ढेकरासाठी माणूस डोंगर चढतो? उभ्या पिकातून उठवून आणतात ते ह्या ढेकरासाठी? त्यानं रिकामी बाटली पेटीत परत ठेवली. विचारलं तर सांगेन, ढेकर आला आणि गेला, असं मनात म्हणून त्यानं झाकण आपटलं. मग बाजूला गवतात दगड होते त्यातला एक ओढला, हिसडून उचलला, वजन बरोबर वाटलं, शिंक्यात टाकला. ह्या वेळी तोलूनबिलून बघितलं नाही.

पलीकडची वाट सोपी होती. बरंच चालून झाल्यावर त्याला आपला पंजा लाल दिसला. गुडघ्याचं रक्त लागलं असेल म्हणून त्यानं धोतराला पुसला. पुन्हा लाल. मागं बघितलं तर शिंक्याची दोरी लाल, आणि उन्हानं पातळ होऊन दगडाच्या खालच्या अंगानं तेलकट लाल ओघळ सुटलेला. ढवळूच्या अंगावर काटा आला. वाघबारस नुकतीच झाली होती. खिंडीतल्या वाघदेवाला नवा शेंदूर फासून, कोंबडा देऊन माणसं गेली असणार, आणि मग कुठल्या गुरानं तो पालथा पाडला असणार. आणि ह्यानं तो उचलला होता. वाघदेव! ज्याच्या नावानं गुरं रानात सोडायची, ज्याच्यापुढून जाताना पान तरी वाहायचं, तो कावडीत, सोड्याच्या बाटल्यांचा जोडीदार.

त्यानं कावड खाली ठेवली, हात जोडले. परत खिंडीत जायचं तर सूर्य कललेला. आणि देवाला वाटेत टाकून दुसरा दगड घालायचा तरी कसा? तो देवाकडं बघत उभा राहिला. भीती होतीच, पण भीतीच्या खालून हळूहळू तोच राग वर आला. "आमची पाळी येते तेव्हा तू काय करतंस?" तो म्हणाला. "त्यांनी मला आंब्याला बांधलं तेव्हा कुठं होतास? नाय, सांग. आता तुझी पण पाळी. आज तू वेठीला. येताना ठेवीन तुला जागेवर, कोंबडा देईन, पण आज चल." आणि त्यानं दांडा खांद्यावर घेतला. वीज पडली नाही.

सडकेचं काम लांबूनच ऐकू आलं. माणसं इथं तिथं खडीच्या ढिगांशी बसली होती. सगळ्यांत शेवटी, वळणावर, एकजण एकटाच हातोडा मारत होता, अंगात बटणं नसलेला खाकी सदरा. ढवळूनं टाच बघितली. वाकडी भेग.

त्यानं कावड नीट ठेवली, जवळ गेला, आणि काळ्यानं मान वर केल्याबरोबर त्याच्या मुस्काटात मारली.

काळ्याच्या हातातला हातोडा पडला. तो गाल चोळत ढवळूकडं बघत राहिला. मग म्हणाला, "आणखी एक मार. जोडी होऊ दे."

"हसवू नको मला. जीव घेईन."

"घे. बस तरी आधी. एवढा चढून आला, दम टाक, मग घे जीव." काळ्यानं कावडीकडं बघितलं. "एकटाच? आणि हे मागं काय?"

"तू."

"मी?"

"दिवाणजीनं दिला. तुझ्या जागेवर."

काळ्या हसत हसत दगड बघायला वाकला आणि चटका बसल्यासारखा मागं सरला. "अरे मेल्या! हा तर खिंडीतला देव!"

"ठाऊक आहे."

"वेडा का खुळा तू? वाघदेव वाहतंस शेटच्या वेठीला?"

"आमच्याकडं माणसं कमी पडतात," ढवळू म्हणाला. "पळतात."

मग ढवळूनं सगळं काढलं. आंबा, फोक, पाठीचा पाला, ते तांदूळ. "मान दिला लोकांनी मला. चोरीचा मान. तू मला एक शब्द सांगितला नाय."

"सांगितलं असतं तर तू बोलला नसतास," काळ्या म्हणाला. "आणि त्यांना दिसलं असतं तू लपवतोस ते. मेला असतास. नाय ठाऊक, नाय ठाऊक, हे खरं होतं म्हणून सोडलं त्यांनी."

"ते मी ठरवलं असतं, मरायचं का काय ते!"

पलीकडच्या ढिगावरच्या माणसांनी वळून बघितलं. काळ्यानं खालचा एक खडा उचलला आणि टाकला. "आयस कशी आहे?"

"मुसळ उचलते. दोन हातांनी उचलत नाय आता, काखेत धरून उचलते. हिरीनं विचारलंय, मेल्यावर येणार का?"

काळ्या पेटीकडं बोट करून म्हणाला, "एक दे त्यातली. शेटचं पाणी बघू." ढवळूनं बाटली फोडून दिली. काळ्या प्यायला, ठसकला, डोळे पुसले. कशानं पुसले कोण जाणे. "मरताना तोंडात पाणी घालतात ते आज घातलंस तू. आता ऐक. मेलेल्याच्या घराची पाळी येते का?"

"घरातला शेवटचा पुरुष मेला की सुटतं घर."

"मग मी मेलो. खिंडीत वाघानं नेला. तू आलास तर रक्त दिसलं, सदरा दिसला फाटका. हा घेऊन जा सदरा. पेंढ्याचा माणूस करा, जाळा, दिवस घाला. आयस सुटेल."

"मग तू परत कधी येशील?" ढवळूनं विचारलं.

"मेलेला येतो का?" काळ्या म्हणाला. हे म्हणताना त्याचं तोंड दिवाणजीची नक्कल करताना व्हायचं तसं झालं, पण नक्कल आली नाही. "फक्त आयसला सांगू नको. तिला खोटं रडता येत नाय. वखारीचा माणूस बघायला येईल. ती खरीच रडली पाहिजे."

इथं ढवळू उठला. दिवसभराचा राग आता घशाशी नव्हता, हातापायांत पसरला होता, आणि त्यामुळं त्याला एकदम हलकं, स्वच्छ वाटत होतं. "सगळ्यांचं खरं पाहिजे तुला," तो म्हणाला. "माझा मार खरा, म्हातारीचं रडणं खरं. खोटा तू एकटा."

काळ्यानं सदरा काढला आणि पुढं धरला. उघड्या छातीवर खडीची पांढरी धूळ होती. "करशील ना?"

ढवळूनं सदरा घेतला, दोन्ही हातांनी धरून मधोमध फाडला, गुडघ्याची खपली काढून रक्त त्याला पुसलं आणि कमरेला खोचला. कावड खांद्यावर घेतली.

"करीन," तो म्हणाला. "पेंढ्याचा माणूस मी बांधीन, अग्नी मी देईन. पाड्यापुढं, वखारीपुढं सांगीन वाघानं नेला. पण गेल्याबरोबर आधी तुझ्या आयसच्या चुलीपुढं बसून तिच्या कानात खरं सांगीन. तू कुठं आहेस, कसा दिसतंस, सगळं. मग रडायचं का नाय, ते ती ठरवील. तू बोलू नको आता. मागितलास तो शब्द नाय हा. मी देतो तो आहे. हा मी पाळणार."